फोम रोलर नऊ महिन्यांनंतर: हातांनी हालचाल शिकवताना काय टिकलं, काय चेपलं

फोम रोलर म्हटलं की लोकांना मसाजच आठवतो. मांडीखाली घ्यायचा, अंगाचा भार टाकायचा आणि दात-ओठ खात घासायचं. इथला वापर तो नाही. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) यांच्या पद्धतीत माणूस बहुधा आडवा असतो आणि शिकवणारा हातांनी त्याला स्वतःच्या हालचालीची जाण करून देतो. या कामात रोलर कधी टेकू असतो, तर कधी हलती जमीन. दुखेपर्यंत दाबायचा प्रश्नच येत नाही. जोर वाढला की बारीक फरक कळेनासा होतो. हातात विटांची पाटी असताना वर चिमणीचं पीस पडलं तर कळतं का?

जानेवारी ते सप्टेंबर, परभणीत, एक पत्र्याची खोली आणि एक स्लॅबची. आठवड्याचे पाच दिवस, रोज चार-पाच माणसं. रोलर चार: पांढरा ईपीई, काळा दाणेदार ईपीपी आणि ईव्हीए (ही फोमच्या प्रकारांची नावं), तिन्ही १५ सेंटीमीटर व्यासाचे आणि ९० सेंटीमीटर लांब, चौथा तेवढ्याच लांबीचा अर्धगोल.

आधी पांढऱ्याचं बोलू, कारण स्वस्त म्हणून सगळे तोच मागवतात. पहिले तीन महिने उत्तम. हलका, अंगाला मऊ, म्हाताऱ्या माणसाला भीती वाटत नाही. एप्रिलपासून मात्र चेपायला लागला. पत्र्याखालची मे महिन्यातली दुपार आणि वर माणसाचं वजन, दोन्ही त्याला सोसत नाही. जूनमध्ये मोजला तर एका बाजूने १४ सेंटीमीटरही भरेना आणि आडव्या बाजूने १५ च्या वर गेलेला. मोजपट्टी नसली तरी ओळखता येतं. रोलरवर खडूने एक रेघ ओढा, सपाट फरशीवर हलकेच लोटा, थांबला की रेघ कुठे आहे ते बघा. चार-पाच वेळा लोटून दर वेळी रेघ त्याच जागी किंवा बरोबर तिच्या उलट बाजूला येत असेल तर रोलर अंडाकृती झाला. असा रोलर माणसाखाली स्वतःच एक बाजू धरून बसतो, आणि शिकवणाऱ्याला वाटतं की अडखळ माणसाच्या पाठीत आहे. चुकीचं निदान होतं ते इथेच.

काळा ईपीपी नऊ महिन्यांत केसभरही बदलला नाही. पण तो कडक आहे. कापूस वेचून, ऊस तोडून अंगावर मांस न राहिलेल्या माणसाच्या मणक्यांना त्याचे दाणे टोचतात, श्वास अडतो आणि मग शिकणं संपतं. त्यावर घोंगडीची एक घडी टाकली तर चालतो. शहाबादी फरशीवर त्याचा करकर आवाजही होतो. डोळे मिटून पडलेला माणूस दचकतो. ईव्हीए महाग आणि जड, पण मधला. एकच घ्यायचा असेल तर हा.

आता उभा, म्हणजे कण्याच्या रेषेत रोलर घेऊन पडण्याबद्दल. बहुतेक चुका चढता-उतरताना होतात. आधी रोलरच्या एका टोकाच्या अगदी कडेला बसायचं, दोन्ही तळवे मागे जमिनीवर टेकायचे आणि एकेक मणका टेकवत मागे जायचं. माकडहाड आणि डोकं दोन्ही रोलरवर हवं. गुडघे वाकलेले, पावलं कमरेच्या रुंदीएवढी लांब. माणूस पाच फूट आठ-नऊ इंचांच्या वर असेल तर ९० सेंटीमीटर अपुरे पडतात. डोकं लटकतं किंवा माकडहाड कडेवर येतं. हनुवटी वर उचलली जात असेल तर डोक्याखाली टॉवेलची दोन-तीन सेंटीमीटरची घडी. उतरताना सरळ उठून बसू द्यायचं नाही. एका बाजूचा कुल्ला जमिनीवर उतरवायचा, मग खांदा, मग कुशीवर. थेट उठायला गेलं की पोट आणि मान एकदम आवळतात, आणि आधीची पाच मिनिटं वाया जातात.

पडल्यावर शिकवणाऱ्याने काय करायचं? रोलर हलवायचा, माणूस नाही. डोक्याकडे बसून दोन्ही तळव्यांनी रोलरचं टोक धरा आणि डावीकडे-उजवीकडे दोन सेंटीमीटर, फार तर तीन, इतकंच फिरवा. नजर पायाच्या बोटांवर ठेवा. बोटं फरशीला धरून बसली, जबडा आवळला किंवा श्वास थांबला की अंतर निम्मं करा. घाबरलेला माणूस एका बाजूला खुशाल जातो आणि दुसऱ्या बाजूला पाऊल रोवतो. तेव्हा त्याला अडणाऱ्या बाजूला ढकलायचं नाही, सोप्या बाजूनेच आणखी दहा-बारा वेळा जायचं. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. मग रोलर काढून सतरंजीवर उताणं पडायचं. पाठ कुठे टेकली, कुठे नाही, हे तेव्हा कळतं. ही मिनिटं वाचवायला जाऊ नका. रोलरवरचं सगळं याच्यासाठी असतं.

तरी नऊ महिन्यांत जास्तीत जास्त काम झालं ते कुशीवर. माणूस डाव्या कुशीवर, डोक्याखाली उशी, उजवा हात पुढे रोलरवर टेकलेला, रोलर छातीला समांतर. मनगट नव्हे, कोपराखालचा भाग टेकवा. एक हात त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर ठेवा, दुसऱ्याने रोलर पुढे लोटा. हाताचं ओझं रोलरने घेतल्यामुळे फरा बरगड्यांवरून सरकतो ते बोटांखाली स्पष्ट लागतं. डोक्यावर भारे वाहून खांदा कानाला चिकटलेल्या बायकांना इथे पहिल्यांदा कळतं की हा खांदा खालीही येतो.

अर्धगोल घेताना वाटलं होतं की उगाच खर्च. प्रत्यक्षात तो रोज लागला: उताणं पडल्यावर गुडघ्यांखाली, सपाट बाजू खाली. कंबर जमिनीला टेकते, मांडीचे पुढचे स्नायू सुटतात. उंच माणसाला वर चादरीची घडी द्या. आडवा रोलर कमरेच्या पोकळीत मात्र घालू नका. त्याची जागा खाली, माकडहाडाच्या वरच्या चपट्या हाडाखाली.

आपल्याकडच्या काही गोष्टी कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाहीत. अंबाडा डोकं पुढे ढकलतो, तो सोडून केस एका बाजूला घ्यायला सांगा. नऊवारीचा कासोटा नेमका माकडहाडावर येतो आणि त्याची गाठ रोलरवर खडा होते. तो थोडा बाजूला सरकवावा लागतो, आणि हे सांगायला बाईच असलेली बरी. करदोड्याला अडकवलेल्या किल्ल्या आठवणीने काढायला लावा. आणि लोक विचारतात, “हा लोडच की! मग गादीवरचाच आणू का?” लोड कापसाचा, तो अंगाखाली दबून अंगाचाच आकार घेतो. रोलरने आकार सोडला तर तो कामाचा नाही.

गुळगुळीत टाइल्सवर रोलर निसटतो. जाड मॅटवर, म्हणजे एक सेंटीमीटरच्या वर, तो रुतून बसतो. सतरंजी बरोबर, फक्त कोपरे ताणून घ्या. रेक्झिनचं कव्हर उन्हाळ्यात घामाने बुळबुळीत होतं. मांजरपाटाची खोळ शिवून घ्या, पण चापून. सैल खोळ रोलरवर स्वतंत्र फिरते आणि माणूस खोळीसकट घसरतो. दोन्ही टोकांना नाडी ठेवली की काढून धुता येते.

हाडं ठिसूळ झालेली असतील, नुकतंच हाड मोडलेलं किंवा ऑपरेशन झालेलं असेल, चक्कर येत असेल किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील तर रोलरवर चढवू नका. मुंग्या पायात उतरायला लागल्या तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे पाठवा.

ठेवायची जागा सावलीची. भिंतीला तिरका टेकवलेला पांढरा रोलर महिन्याभरात केळीसारखा वाकला. उन्हात वाळवला तर फोमची भुकटी पडायला लागते. सुगीनंतर उंदीर घरात येतात आणि फोम कुरतडतात, म्हणून फळीवर आडवा, खोळीत बांधून. काही जण ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला गोधडी गुंडाळून काम भागवतात. हाताखाली कुशीवर ठीक आहे, पण कण्याखाली नको. गोधडी सरकते आणि खाली कडक पाइप लागतो.

अंडाकृती झालेला पांढरा फेकलेला नाही. रुंद व्यासाच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघा मारल्या, बारीक दातांच्या लांब करवतीने सावकाश उभा चिरला. दोन अर्धगोल निघाले, नव्यापेक्षा थोडे बुटके, आणि पाच फुटांच्या आतल्या बायकांच्या गुडघ्यांखाली तेच जास्त बसतात.