सहा किलो शिसे कुठे बांधावे: वजनाचे खिसे आणि रबरी पट्टा, सात महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे पावसाळ्यासाठी डाइव्हिंग बंद होईपर्यंत, माझ्या एकूण 38 स्कूबा डाइव्ह झाल्या. त्यांतील बऱ्याचशा मालवणच्या आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाच्या पाण्यात झाल्या, तर जानेवारीतील एक आठवडा अंदमानातील स्वराज द्वीपावर गेला. पहिल्या 17 डाइव्हना मी पाण्याखाली जाण्यासाठी लागणारी शिशाची वजने बीसीडी जाकिटाच्याच (हवा भरून किंवा सोडून तरंगणे कमी-जास्त करण्याच्या जाकिटाच्या) खेचून काढता येणाऱ्या खिशांत ठेवली आणि उरलेल्या 21 डाइव्हना कमरेचा रबरी पट्टा वापरला. दोन्ही वस्तू मी स्वतः विकत घेतलेल्या आहेत. दुकानात पाहताना खिसे मला निःसंशय सरस वाटले होते आणि आज ते कपाटात पडून आहेत.

माझे वजन 64 किलो आहे, मी तीन मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट (फुगीर रबराचा, पाण्यात तरंगणारा पोशाख) घालते आणि सिलिंडर नेहमीचा 11 लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. एवढ्यावर मला समुद्रात सहा किलो शिसे लागते आणि पुण्यातील तरणतलावात चार पुरते, कारण खारे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते आणि साहित्यासह नव्वदेक किलो भरणाऱ्या माणसाला तेवढ्यानेच दोन किलोंचा फरक पडतो. हा आकडा मी डाइव्हिंग केंद्रावरील तक्त्यावरून घेतलेला नाही. डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये 50 बार दाबाची हवा उरलेली असताना, जाकीट पूर्ण रिकामे करून, पाच मीटरवर तीन मिनिटे स्वस्थ थांबता येते की नाही, हे पाहून तो ठरवला आहे. आधी आठ किलो बांधून देणाऱ्यांचे मी निमूटपणे ऐकत असे.

आता या सहापैकी किती किलो संकटाच्या वेळी सोडून देता आले पाहिजेत, हा खरा प्रश्न आहे आणि विकत घेताना तो मला कोणी विचारला नाही. भरलेल्या सिलिंडरमधील हवेचेच वजन अडीच किलोंच्या वर असते. त्यातील दोनेक किलो डाइव्हमध्ये खर्च होतात, म्हणून वजन नेमके जुळवलेला माणूस सुरुवातीला तेवढाच जड असतो. खोलवर वेटसूट दाबला जाऊन त्याची तरंगण्याची शक्ती घटते. माझ्या सूटच्या बाबतीत 18 मीटरवर ही घट एक ते दीड किलो असावी, असा माझा अंदाज आहे. म्हणजे जाकीट फाटून निकामी झाले, तेही अगदी वाईट वेळी, तरी चार किलो सोडले की मी वर येऊ शकते. सहाच्या सहा किलो एका झटक्यात जावेत, अशी सोय मला नकोच आहे. सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना सहा किलो गेले, तर मिनिटाला नऊ मीटरची मर्यादा पाळत वर येणे माझ्या हातात राहणार नाही. वजन टाकण्याची खरी जागा पाण्याचा पृष्ठभाग आहे. तिथे थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला तोंड पाण्याबाहेर ठेवायचे असते आणि दुर्दैवाने नेमके तिथेच अनेकांना पट्टा सोडायचे सुचत नाही.

खिशांचे सुख खोटे नव्हते. कमरेला काही रुतत नाही, पाठ दुखत नाही आणि जाकीट चढवले की सगळे एकदम अंगावर येते. अडचण नेत्राणीला कळली. प्रत्येक खिशात तीन किलो होते. होडीच्या काठावरून पाठीमागे उडी घेतली, सात मीटरवर पोहोचले आणि एकाएकी डावीकडे कलंडले. उजवा खिसा निसटून खाली गेला होता आणि मी वर जाऊ लागले. जोडीदाराने माझ्या जाकिटाचा पट्टा आणि नांगराचा दोर दोन्ही धरले म्हणून आम्ही सावकाश वर आलो. खिसा काही सापडला नाही. सुटा एक मिळत नसल्यामुळे पूर्ण जोडी पुन्हा घ्यावी लागली, ही चिडचिड वेगळीच. यात निम्मी चूक माझी होती. केंद्रावरच्या शिशाच्या विटा स्थानिक साच्यात ओतलेल्या, जरा लांबट आणि खडबडीत काठांच्या होत्या. त्यांच्यामुळे खिसा शेवटपर्यंत आत गेला नव्हता आणि चाप बसल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक खिसा खेचून पाहू लागले. पण मग उलटी तक्रार सुरू झाली: तारकर्लीची बारीक वाळू चापात शिरली की उजवा खिसा दोन-दोन हिसक्यांशिवाय निघेना. जी वस्तू नको तेव्हा सुटते आणि हवी तेव्हा सुटत नाही, तिच्यावर भरवसा ठेवायला मन धजावत नाही.

तरीही मी खिसे सोडले ते या प्रसंगामुळे नाही. तरणतलावात पाण्याखाली जाकीट उतरवून पुन्हा चढवण्याचा सराव करताना सारे साहित्य तळाकडे ओढले जाऊ लागले आणि मी वेटसूटसह वर. मधे फक्त तोंडातील रेग्युलेटरची, म्हणजे श्वासाच्या हवेची, नळी ताणलेली. आमच्या किनाऱ्यावर तुटक्या जाळ्यांचे तुकडे खडकांना अडकलेले दिसतात आणि सिलिंडरच्या तोटीत जाळे गुंतले, तर जाकीट उतरवूनच ते सोडवावे लागेल. त्या वेळी शिसे साहित्यावर असण्यापेक्षा माझ्या अंगावर असलेले बरे.

पट्ट्यांमध्ये आधी उसना घेतलेला नायलॉनचा पट्टा वापरून पाहिला. पृष्ठभागावर घट्ट बसलेला हा पट्टा 15 मीटरवर सूट दबल्यामुळे सैल झाला आणि त्याचे बक्कल फिरत फिरत पाठीमागे गेले. बक्कल शोधण्यात गेलेले ते दहा-बारा सेकंद माझ्या चांगले लक्षात आहेत. रबरी पट्टा ताणून बांधतात, त्यामुळे सूट दबला तरी तो आपण होऊन आवळतो. शिशाच्या विटाही त्यावर घसरत नाहीत. माझ्यासारख्या रुंद कंबर असलेल्या बाईला तो नितंबांच्या हाडांवर नीट बसतो आणि श्वासाला अडथळा करत नाही. अरुंद कंबरेच्या पुरुष मित्राकडून तो खाली सरकत असल्याची तक्रार मी दर रविवारी ऐकते. खांद्यांवर पट्टे असलेले वजनाचे हार्नेस अशा माणसांसाठी असते. मी ते दोनदाच वापरले आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

पट्ट्याला शिस्त लागते. बक्कल उजव्या हाताने उघडेल असेच बांधायचे, पायांमधून येणारा जाकिटाचा पट्टा त्याच्यावरून जाऊ द्यायचा नाही आणि जाकिटाची कमरेची पट्टी थोडी वर ओढून घ्यायची, नाहीतर बक्कल तिच्याखाली दडते. सोडताना नुसते उघडून भागत नाही. पट्टा हातात धरून अंगापासून दूर नेऊन मगच सोडायचा. तसा न सोडल्यामुळे सरावात तो माझ्या सुरीच्या म्यानात अडकला होता. मात्र उतरण्यापूर्वीच्या तपासणीत जोडीदाराला समजावत बसावे लागत नाही, कारण पट्ट्याचे बक्कल कोणालाही ओळखता येते. मालवणच्या शिडी नसलेल्या छोट्या फायबरच्या होडीवरील खलाशालाही हेच सोयीचे वाटले. ‘ताई, आधी वजनं द्या, मग बाकीचं,’ असे तो म्हणे आणि चार किलोंचा पट्टा एका हाताने उचलून घेई. खिसे ओले झाले की त्यांच्या गुळगुळीत मुठी त्याच्या हातातून सटकत असत.

सध्याची विभागणी अशी आहे: चार किलो पट्ट्यावर आणि एकेक किलोच्या दोन विटा सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर, छोट्या बंद पिशव्यांत. या दोन पाण्याखाली टाकता येत नाहीत, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे त्यांची गरजही नाही. सहाही किलो कमरेवर असताना माझे पाय खाली लोंबत आणि मऊ वाळूवर धुरळा उडे. दोन किलो खांद्यांजवळ नेल्यावर शरीर आडवे राहू लागले. स्टीलची बॅकप्लेट (सिलिंडर बसवायची पाठीवरची पाटी) घेतली तर तीच अडीच-पावणेतीन किलोंची असते आणि या पिशव्यांची गरज उरणार नाही, पण ती विमानाने नेणे मला परवडत नाही. रिकामा पट्टा मात्र मोज्यांच्या जोडीइतक्या जागेत मावतो. शिसे अंदमानात केंद्राकडूनच मिळाले.

देखभालीत फार काही नाही. गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा लागतो आणि उन्हात ठेवला की रबर चिरते. माझ्या पट्ट्याच्या तिसऱ्या भोकाजवळ एप्रिलमध्ये तशी एक बारीक चीर दिसली आहे. बक्कल उत्तम आहे. पट्ट्याचे रबर सुटे मिळत असल्यामुळे सप्टेंबरमध्ये तेवढेच बदलून घेईन आणि ऑक्टोबरच्या पहिल्या डाइव्हआधी वजन पुन्हा तलावात तपासेन.