बोनेअर: बोटीशिवाय डायव्हिंग

या डच कॅरिबियन बेटाचं खरं बळ म्हणजे बोटीची वाट बघावी लागत नाही. पिकअप भाड्याने घ्या, मागे हवेचे सिलिंडर टाका, रस्त्याकडेला डायव्हिंगच्या जागेचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की थांबा. किनाऱ्यावर तुटक्या प्रवाळांचा खच असतो; जाड तळव्याचे बूट आणि मागून पट्ट्याचे फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) नसतील तर पाय सोलवटलेच. हातमोज्यांना बंदी आहे, आणि ती योग्यच; ते घातले की प्रवाळांना हात लावायचा मोह होतो.

१९८४ मध्ये बुडालेलं ‘हिल्मा हूकर’ हे जहाज सुमारे ३० मीटरवर कुशीवर पडलंय, अप्रतिम! नायट्रॉक्स ३२ (३२ टक्के ऑक्सिजन असलेली श्वासाची हवा) घेतल्यास तिथे वेळ जास्त मिळतो. फक्त ती घेऊन ३३ मीटरखाली उतरू नका, तिथे एवढा ऑक्सिजन घातक ठरू शकतो. गाडीत मौल्यवान काही ठेवू नका, चोऱ्या होतात. परतीच्या विमानाआधी किमान १८ तास कोरडे राहा, म्हणजे डायव्हिंग करू नका.