बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह? विदर्भातल्या गावात टर्नटेबल घेण्याआधी

फोनवर गाणी ऐकत मोठं झालेल्या माणसाला गाण्याचा वेग ही काही सांभाळायची गोष्ट आहे, असं कधी वाटलेलंच नसतं. फाइल नागपुरात वाजवा की धारणीत, गाणं त्याच सुरात सुरू होतं आणि तेवढ्याच मिनिटांत संपतं. घरात रेकॉर्ड आली की हे काम यंत्राच्या गळ्यात पडतं. एलपी (मोठी, लांब चालणारी तबकडी) मिनिटाला 33⅓ फेरे, ईपी (छोटी तबकडी) 45, लाखेची जुनी तबकडी 78. मोटर जेवढी मागे पडेल तेवढा सूर खाली येतो. म्हणून बेल्ट की डायरेक्ट, म्हणजे तबकडीखालची थाळी मोटरने रबरी पट्ट्यातून फिरवायची की थेट, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत आवडीनिवडीचा असेल. दर्यापूर, आर्वी, चिमूर, पुसद या बाजूला तो ऊन आणि विजेची लाइन यांचा आहे.

आधी आवाजाचं सांगतो. बेल्टमध्ये मोटर बाजूला असते, तिची थरथर रबर पिऊन घेतं आणि सुईपर्यंत कमी पोचते, हा बेल्टवाल्यांचा मुद्दा खरा आहे. संथ आलाप, मागे नुसता तानपुरा, रात्रीची वेळ आणि चांगले स्पीकर असतील तर चांगला बेल्टचा टर्नटेबल फार शांत वाजतो. जुन्या, स्वस्त डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरची घरघर येते, हेही नाकारता येत नाही. पण दोन्हींवर एकच कार्ट्रिज (सुई धरून तिची थरथर विजेत बदलणारा छोटा भाग) लावली, तर डोळे मिटून कोणता कोणता हे सांगणं माझ्या कानाला तरी अवघड जातं. कार्ट्रिज आणि सुई बदलली की जो फरक पडतो, तो याच्या कितीतरी पट मोठा असतो. तेव्हा निव्वळ आवाजावर निर्णय घेणार असाल तर कोणताही घ्या, चूक होणार नाही.

माझा कल ठरला तो मे महिन्यातल्या बेल्टमुळे.

टर्नटेबलचा बेल्ट म्हणजे पातळ रबराची पट्टी, सतत ताणात ठेवलेली. ताणलेलं रबर उष्णतेत हळूहळू त्याच लांबीला सरावतं आणि परत आखडत नाही. अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि टिनाच्या छपराखालची खोली रात्रीसुद्धा लवकर निवत नाही. थंड प्रदेशात जो बेल्ट चार-पाच वर्षं निघतो, त्याच्याकडून इथे तेवढी अपेक्षा ठेवू नये. पिठाच्या चक्कीचा पट्टा सैल झाला की दळण मंदावतं, तेच इथे होतं. फरक एवढाच की चक्कीचा पट्टा घसरला की आवाज करतो. हा गुपचूप घसरतो. सुरुवातीला काहीच कळत नाही. मग लांबवलेला स्वर हलतो, बासरी आणि सनई किंचित डुलायला लागतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की तबकडीच खराब आहे. चांगल्या तबकड्या अशा संशयाने बाजूला पडतात, याचं वाईट वाटतं.

हे तपासायला कुठलंही उपकरण लागत नाही. तबकडीच्या लेबलवर कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, सुई खाली ठेवून गाणं चालू करा आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. 33⅓ वर 100 फेरे बरोबर 180 सेकंदांत व्हायला हवेत. 182 लागले तर यंत्र साधारण एक टक्का मागे आहे, 184 लागले तर दोन टक्क्यांहून थोडं जास्त. सुई खाली हवीच, कारण तिच्या ओढीनेच सैल बेल्ट घसरतो. रिकामं फिरवून मोजलं तर यंत्र निर्दोष वाटेल. मोजणी तबकडीच्या बाहेरच्या कडेला करा, तिथे ही ओढ जास्त असते. आणि एकदा पहाटे, एकदा दुपारी तीनला करून बघा.

एक टक्का म्हणजे काही नाही असं वाटेल, कारण अख्खा अर्धा स्वर उतरायला सुमारे सहा टक्के लागतात. पण गावात भजनी मंडळाची पेटी असतेच. गाण्याचा सा पेटीच्या काळी एकला जुळत असेल आणि यंत्र एक टक्का मागे असेल, तर दोन्ही सूर एकत्र धरल्यावर सेकंदाला जवळजवळ तीन लाटा ऐकू येतात. ज्याला पेटीवर बसून रेकॉर्डच्या मागे गायचं आहे, चाल उचलायची आहे, त्याला हे सहन होत नाही. नुसतं कामं करता करता ऐकणाऱ्याला कदाचित कळणारही नाही. म्हणून माझा हा आक्षेप सगळ्यांना लागू आहे असं मी म्हणत नाही.

सैल बेल्टवर उपाय आहेत, पण ते सगळे तात्पुरते. पुली (मोटरचं छोटं चाक) आणि प्लॅटरची (तबकडी बसते त्या थाळीची) आतली कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की थोडी पकड येते. बेल्टला हाताचं तेल लागलं असेल तर तेही पुसावं. चक्कीच्या पट्ट्याला लावतात तशी राळ इथे चुकूनही लावू नये. तिचा थर पुलीवर बसतो, पुलीचा घेर असमान होतो आणि प्रत्येक फेऱ्याला झटका बसतो. उन्हाळ्यात महिना-दोन महिने यंत्र बंद राहणार असेल तर बेल्ट काढून, कागदी पाकिटात सपाट ठेवून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवावा. नवा बेल्ट लावण्याआधी तो सपाट करून त्याची लांबी पट्टीने मोजून लिहून ठेवावी. दोन वर्षांनी संशय आला की तुलनेला तोच आकडा उपयोगी पडतो. नवा मागवतानाही तोच लागतो, कारण नेमका त्या मापाचा बेल्ट तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. टेपरेकॉर्डरचा मिळतो, पण तो अरुंद असतो आणि जड प्लॅटर ओढत नाही.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये हा सगळा अध्यायच नाही. प्लॅटर मोटरच्या अक्षावरच बसतो आणि क्वार्ट्झचं घड्याळ वेग धरून ठेवतं. टेक्निक्सचा एसएल-1200 पहिल्यांदा 1972 मध्ये आला आणि 1979 च्या एमके-2 मध्ये क्वार्ट्झ लॉक आलं. आजचे बहुतेक मधल्या किमतीचे डायरेक्ट ड्राइव्ह त्याच घाटाचे आहेत. प्लॅटरच्या कडेला ठिपके असतात, बाजूला छोटा दिवा. ठिपके जागेवर स्थिर दिसले की वेग बरोबर. मे असो की डिसेंबर, एका नजरेत खात्री होते.

दुसरा मुद्दा ईपीचा. घरच्या पेटीत किंवा चोरबाजारातल्या ढिगात जे हाती लागतं, त्यात डमडमच्या कारखान्यातून निघालेल्या एचएमव्हीच्या 7 इंची, चार गाण्यांच्या ईपी फार. त्या 45 च्या. एका बाजूला दोनच गाणी, म्हणजे सहा-सात मिनिटांत उठायचं. मध्येच एलपी लावायची झाली तर 33⅓. बेल्टच्या काही चांगल्या, महागड्या यंत्रांत वेग बदलायला दर वेळी प्लॅटर उचलून बेल्ट पुलीच्या दुसऱ्या खाचेत सरकवावा लागतो. परदेशात एलपीच ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नसेल. इथे एका संध्याकाळी चार-पाच वेळा ते करावं लागतं, आणि घामाचं बोट दर वेळी रबराला लागतं. बेल्टचाच घ्यायचा असेल तर वेग बटणाने बदलणारा घ्या. ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी60एक्स तसा आहे: 33⅓ आणि 45 बटणावर, टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आपोआप उठतो आणि आपोआप परत येतो. नवख्याच्या हातून तबकडी ओरखडायची भीती त्यामुळे कमी होते, आणि हा गुण लहान नाही. पण त्याचं सुईचं वजन (ती तबकडीवर टाकते तो भार) कारखान्यातच ठरलेलं असतं, कार्ट्रिज बदलता येत नाही, आणि 78 नाही.

आजोबांच्या काळातल्या लाखेच्या तबकड्या घरात असतील तर 78 लागतंच, आणि त्याहून जास्त लागते पिचची पट्टी (वेग थोडा कमी-जास्त करणारी सरकती पट्टी). लेबलवर 78 असलं तरी फार जुन्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने कापलेल्या असतीलच असं नाही. काही 74-75 ला, काही 80 ला सुरात येतात. अनेक डायरेक्ट ड्राइव्हच्या पट्टीने वेग आठ टक्के वर-खाली करता येतो. पेटीवर सूर धरायचा आणि पट्टी सरकवत तबकडी जुळवायची. मात्र 78 साठी सुई वेगळी घ्या. एलपीच्या सुईचं टोक 18 मायक्रॉनच्या आसपास असतं, 78 ची खाच त्याच्या चौपट रुंद सुईसाठी कोरलेली. बारीक सुई तळात घासत जाते आणि खरखरीशिवाय काही देत नाही. आणि लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

लाइनचं काय? रब्बीत ओलिताच्या मोटरी चालू झाल्या की घरातला व्होल्टेज खाली येतो. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल तर दोन्ही प्रकारच्या यंत्रांना फरक पडत नाही. जुन्या धाटणीचा जड, ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर असेल तर पडतो. बेल्टच्या काही यंत्रांत एसी मोटर असते, ती लाइनच्या 50 हर्ट्झवर वेग धरते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ती गुरगुरते आणि ते गुरगुरणं गाण्यात येतं. इन्व्हर्टरवर ऐकणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा. लाइन गेली की आधी लिव्हरने टोनआर्म उचला. सुई खाचेत ठेवून तशीच सोडली, तर खटक्याच्या स्विचची यंत्रं लाइन येताच आपोआप फिरायला लागतात.

हुम (सततची घुमणारी गुणगुण) आली तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टचा, म्हणून आजूबाजूची सगळी वीज त्यात डोकावते. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट लावा. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी घाला. काळी माती सुकून भेगा पडल्या की ते अर्थिंग नावालाच उरतं. यंत्रामागे फोनो (कार्ट्रिजचा कच्चा सिग्नल) आणि लाइन (यंत्रातच वाढवलेला सिग्नल) असा खटका असेल तर तोही पाहा. ॲम्प्लिफायरच्या फोनोत जोडून खटका लाइनवर ठेवला तर आवाज फाटतो. ऑक्समध्ये (ॲम्प्लिफायरच्या साध्या इनपुटमध्ये) जोडून फोनोवर ठेवला तर जेमतेम ऐकू येतो.

धुळीबाबत दोघांत भेद नाही. ऑक्टोबरात सोयाबीनच्या थ्रेशरची धूळ, पुढे कापसाचे तंतू. सुईवर तंतूचा गोळा बसला की वरचे स्वर बोथट होतात. सुई मागून पुढे, एकाच दिशेने ब्रशने झाडा. तबकडी धुवायला बोअरचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. व्हिनाइल 60 अंशांच्या आसपास नरम पडतं, म्हणून टिनाखालच्या माळ्यावर तबकड्या ठेवूच नका, आणि ठेवाल तिथे उभ्या ठेवा.

आता डायरेक्टची उणी बाजू. किंमत बेल्टच्या साध्या यंत्राच्या दुपटीहून जास्त जाते. बिघाड झाला तर तो बोर्डात होतो, आणि तो बोर्ड गावातला मेकॅनिक उघडून बघेल, दुरुस्त करेलच असं नाही. बेल्ट तर कोणीही बदलू शकतो. मृगाआधीच्या विजांच्या दिवसांत प्लग काढून ठेवणं सक्तीचं समजा. टोनआर्मचं वजन स्वतः लावावं लागतं: ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी120एक्सवर येणाऱ्या कार्ट्रिजला 2 ग्रॅम. आर्म हवेत आडवा तरंगेल इतकं मागचं वजन फिरवायचं, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणायची, मग वजनासकट 2 वर न्यायची. अँटीस्केटिंगही (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनचा ताण) 2. पहिल्यांदा अर्धा तास लागतो. ते यंत्र साधारण 8 किलोचं, एलपी60एक्स अडीच किलोच्या थोडं वर. जमीन दणदणते अशा खोलीत हा फरकही कानाला कळतो. हलकं यंत्र असेल तर खाली शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्याखाली चार रबरी बूच ठेवा. कूलरच्या स्टँडला टेकून तर कोणतंच ठेवू नका.

सुटकेससारख्या पेटीत बसवलेल्या जुन्या प्लेअरचा मोह होतो, दिसतोही सुंदर. पण त्याची सिरॅमिक कार्ट्रिज पाचेक ग्रॅम किंवा जास्तच वजन टाकते आणि आतलं रबरी चाक एका जागी दबलेलं असतं. नव्या किंवा दुर्मिळ तबकड्या त्यावर लावू नयेत.

वर्षाला आठ-दहा एलपी, तेही गाणी फक्त ऐकायची आणि खिसा मर्यादित, तर बटणाचा बेल्टवाला घ्या. उरलेले पैसे तबकड्यांत घाला. पेटीवर बसणारे, ईपी आणि 78 चा साठा असणारे, टिनाखाली राहणारे यांनी कपाशीचे पैसे हाती येईपर्यंत थांबावं आणि डायरेक्टच घ्यावा, असं मला वाटतं. बेल्टवाला घेतलाच तर त्याच वेळी दोन जादा बेल्ट मागवा, आणि नवा बेल्ट उन्हाळ्याआधी नाही, जूनमध्ये पहिला पाऊस पडून खोली निवल्यावर चढवा.