केस, विग, गंगावन आणि दाढी : संक्रमणाच्या पहिल्या वर्षात आधी काय निवडावे?

संक्रमणाच्या, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवले गेलेल्या व्यक्तीने स्त्री म्हणून जगायला लागण्याच्या, पहिल्या वर्षात हाताशी असलेले पैसे विगवर घालावेत की दाढी काढण्यावर, आणि डोक्यावरचे केस वाढेपर्यंत थांबावे की तोवर आयत्या केसांवर भागवावे, हा प्रश्न नाशिकमधल्या ज्या पारलिंगी मैत्रिणींशी माझे बोलणे होते त्यांतल्या बहुतेकींना पडलेला असतो. माझे मत आधीच सांगते. डोक्यावरचे केस आजपासून वाढवायला घ्यावेत, पैसा आधी दाढीवर खर्च करावा आणि विग अशा वेळी घ्यावा जेव्हा त्याचे नेमके काम आपल्याला ठाऊक असेल. हा क्रम सर्वांना लागू पडत नाही. तो कुठे बदलावा लागतो, हेही पुढे येईल.

डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला 12 ते 15 सेंटिमीटर वाढतात. बारीक कापलेले केस हनुवटीपर्यंत यायला दीड-दोन वर्षे आणि खांद्यावर रुळायला त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि हा वेग कोणत्याही तेलाने किंवा शांपूने वाढत नाही. म्हणूनच ‘आधी घरी सांगू, मग केस वाढवू’ असे म्हणत थांबण्यात मला काही अर्थ दिसत नाही. हल्ली कॉलेज रोडवर मानेपर्यंत केस वाढवून मागे बुचडा बांधणारी मुले सर्रास दिसतात, त्यामुळे वाढलेल्या केसांसाठी कोणाला खुलासा द्यावाच लागतो असे नाही. खरी अडचण मधल्या सहा-आठ महिन्यांची असते. केस कानांवर येतात, मानेवर झुपका जमतो, आणि ते ना पुरुषी कापाचे राहतात ना बायकी वळणाचे. या काळात मानेवरचे केस दर दीड-दोन महिन्यांनी थोडे उतरवून घ्यावेत, वरचे आणि पुढचे मुळीच कापू नयेत, बाजूंना मशीन लावू देऊ नये, आणि कल्ले चौकोनी न ठेवता निमुळते करून घ्यावेत. मानेवरची सरळ आखलेली रेघ आणि चौकोनी कल्ले या दोन गोष्टी पुरुषी कापाची जितकी ओळख देतात तितकी केसांची लांबीही देत नाही. त्यामुळे एवढा बदल केला तरी आखूड केसांतला चेहरा पुष्कळ सौम्य दिसू लागतो.

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्यांना केस बांधून टोपीखाली ठेवावे लागतात. हा नियम लांब केसांच्या प्रत्येकाला सारखाच असतो, त्यामुळे तिथे केस वाढवणे वाटते तितके अवघड जात नाही. त्याहून कठीण प्रसंग वेगळा आहे आणि आपल्या गावात त्याचा विचार करावाच लागतो. घरात कोणी गेले, तर रामकुंडावर दहाव्याच्या विधीला मुलाने क्षौर करावे अशी बहुतेक घरांत अपेक्षा असते. ज्या घरात आपल्याला अजून मुलगाच समजले जाते, तिथे दोन वर्षे जपलेले केस एका सकाळीत जाऊ शकतात. दुःखाच्या घरात त्या क्षणी वाद घालणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून घरातल्या एखाद्या समंजस माणसाशी, आत्याशी, मोठ्या बहिणीशी किंवा मामाशी, वेळ बरी असतानाच बोलून ठेवावे. केसांची केवळ एक बट देऊन विधी पूर्ण करता येईल का, हे गुरुजींनाही आधी विचारता येते. बोलणे शक्यच नसेल, तर केस गेल्यानंतरच्या वर्षभरासाठी विगची तजवीज मनात असावी.

स्वतःचे केस वाढवण्याचा मार्ग आपल्यासाठी खुला आहे की नाही, हे कपाळाच्या दोन कोपऱ्यांवरून ठरते. केस ओले करून मागे विंचरावेत, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी उभे राहावे, आणि दोन्ही बाजूंचे कोपरे किती मागे गेले आहेत व टाळूवर भांग किती रुंद दिसतो ते पाहावे. कोपरे थोडेसेच सरकले असतील, तर बाजूचा भांग आणि कपाळावर उतरणाऱ्या बटा एवढ्याने काम भागते. टाळू विरळ झाली असेल, तर वेळ न दवडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण पुरुषी पद्धतीने पडणाऱ्या टक्कलात उरलेले केस टिकवणे हे गेलेले परत आणण्यापेक्षा फार सोपे असते. मिनोक्सिडिल हे डोक्याला लावायचे केसगळतीवरचे औषध लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात आणि घाबरून पुष्कळ जणी तिथेच औषध सोडतात. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि औषध थांबवले की मिळालेला फायदाही हळूहळू जातो. ते कपाळावर किंवा गालावर ओघळू देऊ नये, कारण तिथेही केस वाढू शकतात, आणि आपल्याला नेमके तेच नको असते. फिनास्टेराइड ही केसगळतीवरची गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज घेऊ नये. संक्रमणासाठीचे संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, उपचार सुरू झाल्यावर डोक्यावरची गळती बहुधा थांबते आणि काही प्रमाणात केस भरतातही, पण पूर्ण उघडे पडलेले कोपरे त्याने भरून येतील अशी आशा धरू नये. केशरोपण करायचे असल्यास गळती स्थिरावेपर्यंत, म्हणजे उपचार सुरू होऊन निदान वर्षभर, थांबणे शहाणपणाचे.

आता विग. त्याचे मोठे बळ असे की तो आजच्या आज चेहरा बदलतो, आणि ज्या मैत्रिणीला दिवसा पुरुष म्हणून नोकरी करून केवळ रविवारी स्वतःसारखे वावरता येते, तिच्यासाठी हे बळ फार मोलाचे आहे. कृत्रिम तंतूंचा विग स्वस्त असतो, धुतल्यावरही त्याचे वळण टिकते, पण रोज वापरला तर चार-सहा महिन्यांत मानेपाशी घासून त्याची टोके राठ होतात, आणि साधा तंतू असेल तर स्ट्रेटनरच्या उष्णतेने वितळतो. खऱ्या केसांचा विग कित्येक पट महाग असतो, नीट जपला तर वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतो, मात्र त्याला डोक्यावरच्या केसांइतकीच निगा लागते. पुढच्या कडेला बारीक जाळी असलेला, म्हणजे लेस फ्रंट, विग घेतला तर केस कपाळातूनच उगवल्यासारखे दिसतात. नाहीतर पुढे दाट झुलपे असलेला घ्यावा, म्हणजे कड झाकली जाते. नाटकांसाठी भाड्याने मिळणारे टोप रंगमंचाच्या दिव्यांसाठी असतात, उन्हात त्यांची चमक लगेच उघडी पडते; त्यांवरून विग आपल्याला शोभतो की नाही हे ठरवू नये.

नाशिकमध्ये विगचे दोन शत्रू आहेत, एप्रिल-मेचे ऊन आणि दुचाकी. पारा चाळिशीजवळ गेला की जाळीखाली घाम साचतो, गोंदाने चिकटवलेली कड सुटू लागते, आणि हेल्मेट काढताना विगही त्याबरोबर सरकतो. आतून मऊ सुती टोपी घालणे, हेल्मेट काढण्याआधी कानांपाशी दोन्ही बाजूंनी बोटांनी विग धरून ठेवणे, आणि लांब विगाऐवजी खांद्याच्या वर राहणारा घेणे, एवढ्याने त्रास बराच कमी होतो. स्कूटीवर चेहऱ्याला आणि केसांना स्कार्फ गुंडाळणे ही आपल्याकडच्या मुलींची रोजची रीत असल्याने त्या आडोशाचा लाभ आपल्यालाही होतो. एक इशारा मात्र गंभीरपणे द्यावासा वाटतो. विगच्या चापांची आणि गोंदाची ओढ रोज त्याच जागी बसली, तर तिथले स्वतःचे केस मुळापासून कायमचे जाऊ शकतात. म्हणजे जे झाकण्यासाठी विग घेतला तेच त्याने वाढते. कोपरे आधीच नाजूक असतील, तर चापांऐवजी मखमली पट्टा वापरावा आणि घरी आल्यावर विग काढून ठेवावा.

स्वतःचे केस आणि विग यांच्यामध्ये दोन वाटा आहेत ज्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही. केवळ टाळू विरळ असेल, तर पूर्ण विगापेक्षा हेअर टॉपर, म्हणजे केवळ टाळूपुरता बसवायचा केसांचा तुकडा, हलका पडतो आणि बाजूचे केस स्वतःचेच राहतात. दुसरी वाट गंगावनाची. केस रबरात नीट बांधता येतील इतके झाले की त्यांत गंगावन गुंफून वेणी किंवा अंबाडा घालता येतो, आणि आपल्या आज्या-मावश्यांनी लग्नाकार्यात ते वापरलेले असल्याने घरात कोणाला त्याचे नवल वाटत नाही. मेन रोडच्या बाजूला बांगड्या आणि प्रसाधनांच्या दुकानांत ते मिळते. दिव्याखाली न निवडता दुकानाच्या दारात येऊन स्वतःच्या केसांच्या टोकाशी रंग जुळवून पाहावा. त्यावर गजरा माळायचा असेल तर पिन स्वतःच्या केसांतून जाईल अशी लावावी. एखाद्या समारंभासाठी मी विगापेक्षा गंगावनालाच पसंती देईन.

दाढीचा विषय मी मुद्दाम सविस्तर घेते, कारण डोक्यावरचे केस कसेही असले तरी हनुवटीवरची निळसर-काळी छटा पाहणाऱ्याच्या नजरेत आधी भरते, आणि संप्रेरकांनी ती जात नाही. अंगावरचे केस उपचारांनी विरळ होतात, पण दाढीची मुळे एकदा तयार झाली की ती राहतात. रोजचा वस्तरा स्वस्त आहे, पण छटा तशीच राहते. थ्रेडिंग आणि कटोरी वॅक्स यांनी काही दिवस चेहरा स्वच्छ दिसतो, मात्र पुरुषी दाढीच्या जाड केसांवर ते अतिशय दुखते, केस आत वळून पुळ्या येतात, आणि लेझरची वाटही अडते. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यातून मुळापर्यंत उष्णता नेतो. केसच उपटलेला असेल, तर उष्णता जायची कशी? म्हणून लेझरच्या आधी चार ते सहा आठवडे दाढीचे केस उपटू नयेत, केवळ वस्तरा वापरावा.

लेझर आणि इलेक्ट्रोलिसिस यांत निवड करताना बहुतेकजणी फक्त खर्च पाहतात. लेझर मोठ्या भागावर एकदम काम करतो, सत्रे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने होतात, आणि दाट दाढीला आठ-दहा किंवा त्याहून जास्त सत्रे लागू शकतात. त्याने केस कायमचे कमी होतात, सगळे जातातच असे नाही, आणि पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही. इलेक्ट्रोलिसिसमध्ये एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून ते मूळ नष्ट केले जाते. केस काळा असो वा पांढरा, तो कायमचा जातो, पण काम अत्यंत संथ असते आणि पूर्ण चेहऱ्याला दीड-दोन वर्षे सहज लागतात. माझ्या दृष्टीने निर्णायक फरक आणखी वेगळा आहे. लेझरला जाताना दाढी घोटून जायचे असते, तर इलेक्ट्रोलिसिसला केस चिमट्यात धरता येतील इतके वाढवून, म्हणजे दोन-तीन दिवसांचे खुंट चेहऱ्यावर ठेवून जावे लागते. जी नुकतीच स्त्री म्हणून बाहेर वावरू लागली आहे तिला ते दोन-तीन दिवस किती जड जातात हे सांगायला नको. म्हणून केस काळे असतील तर आधी लेझरने छटा घालवावी आणि मागे उरलेल्या तुरळक व पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस करावे. दाढी बरीच पिकली असेल तर मात्र सरळ इलेक्ट्रोलिसिसच घ्यावे. विशीच्या आतबाहेर असलेल्या, आणि संप्रेरके अजून सुरू न झालेल्या मुलींच्या चेहऱ्यावर नवी मुळे पुढेही तयार होत राहतात, त्यांना काही सत्रे नंतर पुन्हा घ्यावी लागतील हे गृहीत धरावे.

जागा निवडताना झगमगाटापेक्षा यंत्र विचारावे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर सर्वांत सुरक्षित मानला जातो, 810 च्या आसपासचा डायोडही अनुभवी हातांत चालतो. आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत टाकणारे यंत्र, हा मुळात लेझर नव्हे आणि सावळ्या त्वचेवर त्याने भाजून काळे डाग पडण्याचा धोका अधिक असतो. प्रश्न विचारल्यावर जिथे यंत्राचे नाव सांगायला टाळाटाळ होते किंवा आधी छोट्या जागेवर चाचणी करायला नकार मिळतो, तिथून उठून यावे. वरचा ओठ आणि हनुवटी सर्वांत जास्त दुखते, बधिर करणारे मलम आधी लावून मिळेल का हे विचारण्यात संकोच नसावा.

तोवर रोजच्यासाठी नारिंगी करेक्टर, म्हणजे छटा झाकायला फाउंडेशनखाली लावायचा रंग, पुरेसा आहे. घोटल्यानंतर चेहरा थंड होऊ द्यावा, जिथे छटा आहे तिथेच अगदी पातळ थर बोटाने थोपटत बसवावा, चोळू नये, आणि वर फाउंडेशन व थोडी पावडर लावावी. ट्यूबलाइटखाली ठीक दिसणारा चेहरा उन्हात वेगळा दिसतो, म्हणून शेवटची नजर खिडकीतल्या उजेडात टाकावी. भुवया फक्त खालच्या बाजूने हलक्या कोराव्यात. भुवयांच्या थ्रेडिंगने दाढीच्या लेझरला काही बाधा येत नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या युनिसेक्स सलूनमध्ये जाणे गावातल्या फक्त महिलांसाठीच्या घरगुती पार्लरपेक्षा सुरुवातीला सोपे जाते, पण घरगुती पार्लरवाल्या ताईंनाही आधी फोन करून स्पष्ट विचारले तर दुपारच्या निवांत वेळी त्या बोलावतात, असा अनेकींचा अनुभव आहे.

लेझर दिवाळीनंतर सुरू करावा. त्या आधी आणि नंतरचे काही आठवडे चेहरा उन्हापासून जपावा लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांत तोंडावर स्कार्फ असणे कोणाला खटकत नाही. त्या चार महिन्यांत तीन-चार सत्रे होऊन जातात, पुढची सत्रे उन्हाळ्यात एसपीएफ 30 किंवा त्याहून वरचे सनस्क्रीन लावून सांभाळून घेता येतात, आणि पहिल्या पावसाळ्यापर्यंत डोक्यावरचे केस कानांखाली उतरलेले असतात.