बाल न्याय मंडळासमोर वकील: खासगी की मोफत?

मुलाला बाल न्याय मंडळासमोर (गुन्ह्याचा आरोप असलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं इथे चालतात) पहिल्यांदा हजर करायचंय, वकील कोणता, असं एका ताईंनी विचारलं.

खर्च: १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खासगीची फी आधीच ठरवून घ्या.

अनुभव: खरी मेख इथेच. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात. आवाज चढवून तिथे काही साधत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (मुलाची पार्श्वभूमी तपासणारा प्रोबेशन ऑफिसर) अहवालात घर, शाळा, संगत सगळं येतं. तो नीट वाचणारा वकील हवा, मग फी शून्य का असेना.

फोन: खासगी उचलतो. बहुधा.

किरकोळ प्रकरणाला मोफत वकील पुरे. मूल १६ च्या पुढचं आणि गुन्हा किमान ७ वर्षं शिक्षेचा असेल, तर बाल न्यायात मुरलेला खासगी बघा.