कपाटातला स्टॅबिलायझर: जुना ट्रॅक सॉ घेताना मी कसा फसलो

मशीन माझ्यासमोर चालले, माझ्यासमोर त्याने प्लाय कापले, आणि तरीही मी सत्तावीस हजारांना फसलो. जुने मशीन घेताना "चालवून बघ आणि घे" असे मीच आजवर दहाजणांना सांगितले असेल. त्या दहाजणांनी हे आधी वाचावे.

मी फोंडा तालुक्यातला सुतार. आमच्याकडे म्हणतात मेस्त. बाबांचा हात फणसावर आणि सागवानावर बसलेला, माझा जन्म चालला आहे प्लायवर: किचनची कपाटे, वॉर्डरोब, टीव्ही युनिट. प्लायचे शीट आठ बाय चार फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. त्यातून ते 19 एमएमचे मरीन असेल तर एकट्याने उचलताना कंबर बोलू लागते. इतकी वर्षे ते आम्ही हातकटरने कापत आलो. शीटवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आवळायची, कटरच्या पाटाच्या कडेपासून ब्लेडपर्यंतचे अंतर वजा करायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. वजाबाकी चुकली की खण तेवढ्याने तिरका. मायका चिकटवलेला बोर्ड असला तर वरून कपच्या उडतात, आणि मग फिलर, रंगीत मेण आणि गिऱ्हाइकाची समजूत.

ट्रॅक सॉ म्हणजे ॲल्युमिनियमच्या रेलवरून सरकणारा कटर. त्यात ही वजाबाकीच नाही. रेलच्या कडेला रबराची पट्टी असते. नव्या रेलवर पहिल्यांदा मशीन फिरवले की ब्लेड ती पट्टी स्वतःच्या मापाने कापून घेते, आणि त्यानंतर पट्टीची कड म्हणजेच कापाची रेघ. पेन्सिलच्या दोन खुणांवर कड ठेवा आणि ढकला. पट्टी लाकडाचा वरचा थर दाबून धरते, म्हणून कपच्या उडत नाहीत. मडगावला एका इंटिरियरवाल्याच्या साइटवर हे बघितले त्या दिवसापासून माझी झोप उडाली होती. नवे घ्यायची ऐपत चवथीच्या आधी नव्हती, चवथीनंतर तर मुळीच नसते.

भाच्याने मोबाइलवर जाहिरात दाखवली. नामांकित जपानी कंपनीचे मशीन, 1400 एमएमच्या दोन रेल, दोन्ही जोडायच्या पट्ट्या, पेटी. "भाऊ स्विंडनहून आला तेव्हा घेऊन आला, इथे वापर नाही." गोव्यात या वाक्यावर कुणी शंका घेत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट काढून विलायतेला गेलेला माणूस प्रत्येक वाड्यावर एक तरी सापडतो, आणि तिथले स्विंडन तर आमच्या लोकांना म्हापशाइतके ओळखीचे. येताना कुणी चॉकलेट आणतो, कुणी मशीन आणतो.

मी अगदीच बावळट नव्हे. व्होल्टेजचा विचार माझ्या डोक्यात आला होता. अमेरिकेचे मशीन 120 व्होल्टचे, ते इथे चालत नाही, हे मला ठाऊक होते. पण ब्रिटनमध्ये घरात आपल्यासारखेच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. तेव्हा विलायतेचे मशीन म्हणजे नुसता प्लग बदलायचा, असे मी भाच्याला शहाणपणाने सांगितलेसुद्धा. या अर्धवट शहाणपणानेच माझा घात केला.

त्याने 2,000 रुपये टोकन मागितले, फोनवरून पाठवले. बाकीचे रोख आण म्हणाला. आषाढातला पाऊस, भाड्याचा पिकअप, बोरीच्या पुलावर समोरचे दिसत नाही अशी अवस्था. सासष्टीतल्या एका गावी त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचलो. शेड नीटनेटकी. जमिनीवर थर्माकोलची जाड शीट अंथरलेली, वर प्लाय, प्लायवर रेल. मी भिजलेले डोके पुसतो आहे तोवर त्याने बटण दाबले.

कापायचे कसब त्याच्याकडे होते, हे मान्य करतो. आधी दोन मिलिमीटर खोल एक हलका घाव, मग पूर्ण खोलीने दुसरा. कापलेल्या कडेवरून मी बोट फिरवले, एक कुसळ लागले नाही. चार फुटांची आडवी काप होती, एकाच रेलमध्ये मावणारी. दुसरी रेल बबलरॅपमध्ये गुंडाळून, वर सुतळी बांधून, भिंतीला टेकवलेली होती. "ती कोरी आहे, उघडली तर पिकअपमध्ये खरचटेल." खरचटेल हे मला पटले.

मशीनची वायर एका साध्या एक्स्टेन्शन बोर्डात होती आणि बोर्डाची वायर भिंतीतल्या लाकडी कपाटात गेली होती. कपाटातून सतत घुंऽऽ असा आवाज येत होता. मी विचारले. तो हसला. "स्टॅबिलायझर तो, मेस्ता. हांगा व्होल्टेज नाचता."

व्होल्टेज नाचता हे गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. मी मान हलवली.

मशीनची वायर मला भलतीच जाड वाटली. दोन बोटांत दाबून बघितली आणि मनात म्हटले, विलायतेचा माल, बघा कसा दणकट. जिथे कंपनीची माहिती छापलेली पट्टी असते, तिथे एका सर्व्हिस सेंटरचे चमकदार स्टिकर चिकटवलेले होते, "सर्व्हिस झाले" असे. तेही मला चांगलेच लक्षण वाटले. पंचवीस हजार रोख मोजून दिले. पावती मागायला मला लाज वाटली. एवढ्या पावसात त्याने चहा दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेडमध्ये रेल मांडली, शेजारचे दोघे बघायला आले. प्लग घातला. बटण दाबल्यावर मशीन जे ओरडले ते काल ओरडले नव्हते. काल त्याचा आवाज भरडीच्या गिरणीसारखा होता, आज शिट्टीसारखा वर चढत गेला. दोन सेकंद, फार तर तीन. मग आतून निळा झोत, फट् असा आवाज, आणि हवेच्या फटींतून पांढरा धूर. एमसीबी पडला. जळक्या वार्निशचा तो वास शेडमधून दोन दिवस गेला नाही. ब्लेडवर जास्तीत जास्त किती फेरे सोसेल तो आकडा छापलेला असतो, आणि हे मशीन मी दुप्पट दाबाच्या विजेवर घातले होते. पाते लाकडात नव्हते, हवेत होते. भाचा शेजारी वाकून बघत होता. पैशांचे दुःख मला संध्याकाळी झाले, सकाळी नव्हे.

रागाने ते चमकदार स्टिकर नखाने ओरबाडून काढले. खाली पट्टीवर स्वच्छ छापलेले: 110 व्होल्ट.

फोंड्यातल्या वायंडिंगवाल्याने उघडून बघितले आणि मला शाळेतल्या मुलासारखे समजावले. ब्रिटनमध्ये घरात 230 व्होल्ट हे खरे, पण बांधकामाच्या साइटवर शॉक लागून माणूस मरू नये म्हणून 110 व्होल्टची हत्यारे वापरतात. साइटवर 230 चे 110 करणारा पिवळा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या मधल्या टोकाला अर्थिंग दिलेले, त्यामुळे कुठलीही तार हाताला लागली तरी जमिनीशी फक्त 55 व्होल्ट. या हत्यारांचा प्लगही पिवळा, मोठा, गोल पिनांचा. निळा असेल तर 230, तांबडा असेल तर 400. माझ्या मशीनचा पिवळा प्लग कापून तिथे आपला तीन पिनांचा प्लग बसवलेला होता. वायर जाड होती ती दणकटपणासाठी नव्हे: 1300 वॉटचे मशीन 230 व्होल्टवर साडेपाच-सहा ॲम्पियर ओढते, 110 वर बारा. तेवढा करंट वाहायला तार जाडच लागते. मोटारचे आर्मेचर गेले, फील्ड गेले, वेग सांभाळणारे सर्किटही गेले. "वायंडिंग करून देतो, पण सर्किट कुठून आणू?" त्याने तपासणीचे पैसे घेतले नाहीत. मला त्याचेही वाईट वाटले.

म्हणजे कपाटात घुंऽऽ करत होता तो स्टॅबिलायझर नव्हे. तो पिवळा ट्रान्सफॉर्मर होता.

खरे सांगतो, त्या माणसाने "हे 110 चे आहे, सोबत ट्रान्सफॉर्मर घे" असे म्हटले असते तरी मी घेतले असते. तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर वीसेक किलोचा असतो, साइटवर न्यायला कटकट, पण माझे निम्मे काम शेडमध्येच होते. थोडी घासाघीस केली असती, एवढेच. त्याला ती घासाघीसही नको होती.

फोन केला. तीनदा उचलला नाही, चौथ्यांदा उचलला. "तुमी कितें केलें ताका? म्हजें मशीन बरें आशिल्लें. तुमी पळयलां मरे!" मी बघितले होतेच. नंतर नंबर बंद.

पोलीस ठाण्यातला हवालदार माणूस बरा होता, पण प्रश्न त्याने नेमके विचारले. पैसे दिल्याचा पुरावा? दोन हजारांचा आहे, पंचवीसचा नाही. पट्टी झाकणारे ते स्टिकर? मीच फाडून फेकले. मशीन प्लगात कुणी घातले? मीच. फसवणुकीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे, जुन्या 420 च्या जागी, हे मला त्या दिवशी कळले. मशीन 110 चे आहे हे त्याला विकतानाच माहीत होते, हे मी दाखवायचे. कपाटातला आवाज मी रेकॉर्ड केला नव्हता. तक्रार लिहून घेतली, प्रत माझ्याकडे आहे.

आता त्या दुसऱ्या, कोऱ्या रेलची गोष्ट. आठवडाभर तिच्याकडे बघवले नाही. मग सुतळी सोडली. रबराची पट्टी आधीच कापलेली, म्हणजे कोरी नव्हतीच. शिवाय रेल कधीतरी पडलेली, मध्ये पोट आलेले. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाही, म्हणून रेल कशी तपासायची ते सविस्तर लिहितो, कारण सगळे मशीन बघतात आणि रेल फुकटात आल्यासारखी उचलतात. प्लायवर रेल ठेवून तिच्या मागच्या, सरळ ॲल्युमिनियमच्या कडेने बारीक पेन्सिलने रेघ मारा. मग रेल अर्धा फेरा फिरवा, डावे टोक उजवीकडे, म्हणजे तीच कड रेघेच्या दुसऱ्या बाजूने येईल. टोके जुळवा आणि पुन्हा रेघ मारा. रेल सरळ असेल तर एकच रेघ दिसते. वाकडी असेल तर मध्ये डोळा उघडतो, आणि दिसणारी फट खऱ्या बाकाच्या दुप्पट असते. माझ्या रेघांत चार एमएमची फट होती, म्हणजे दोन एमएमचा बाक. आठ फुटांचा उभा काप घ्यायला दोन रेल जोडाव्या लागतात, त्यात एक अशी असली तर त्यापेक्षा माझी जुनी पट्टी आणि देवाचे नाव बरे. शेडमध्ये त्याने चार फुटीच काप का दाखवली, ते मला या रेघा बघताना उमगले.

आधीच कापलेल्या रबरी पट्टीचेही तसेच. ती त्या मशीनच्या, त्या ब्लेडच्या मापाने कापलेली असते. तुमचे ब्लेड अर्धा एमएम बाहेर चालले की कपच्याही उडतात आणि मापही चुकते. पट्टी सुटी मिळते, चिकटवता येते, म्हणून एवढ्यासाठी रेल सोडू नका, भाव मात्र पाडा. आणि एका कंपनीची रेल दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसेलच असे नाही. मकिता आणि फेस्टूल एकमेकांच्या रेलवर चालतात, बॉश आणि माफेलचा खाचा सारखा, डिवॉल्टची तर तऱ्हाच वेगळी. "सगळ्याला चालते" असे विकणारा म्हणाला तर आपले मशीन बरोबर नेऊन त्याच्यासमोर फिरवा.

मशीनची माहितीची पट्टी उघडी पाहिजे. तिच्यावर काहीही चिकटवलेले असेल तर ते त्याला स्वतःच्या हाताने काढायला सांगा. व्होल्टचा आकडा आणि सिरियल नंबर, दोन्हींचा फोटो घ्या. प्लग नंतर बसवलेला असेल तर मूळ प्लग कुठे, हे विचारा. मशीन भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावायला लावा, मध्ये एक्स्टेन्शन नको, कपाट नको. आणि चहा घेतला तरी पावती मागा.

चांगली रेल मी ठेवली आहे. एका ओळखीच्या मेस्ताचे 230 चे मशीन तिच्यावर व्यवस्थित चालते, अधूनमधून मागून आणतो. जळलेले मशीन पेटीसकट माळ्यावर आहे.

परवा भाच्याने पुन्हा मोबाइल पुढे केला. ट्रान्सफॉर्मर विकणे आहे, पिवळा, 230 वरून 110, विलायतेचा, वापर कमी. फोटोत मागे तेच लाकडी कपाट, दार उघडे.

"मामा," तो म्हणाला, "घेवया?"