हातखंब्याचा पाटेवाला: काम चोख, वेळेचं मात्र विचारू नका

माझी टाटा 407, म्हणजे छोटा ट्रक, आहे 2006 ची. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, हा तिचा धंदा. हौद्यातलं बर्फाचं खारं पाणी मागच्या डाव्या कोपऱ्यातून गळतं, ते नेमकं पाट्याच्या हँगरवर, म्हणजे गाडीचा भार पेलणारा स्प्रिंगचा पाटा चासीला धरणाऱ्या ब्रॅकेटवर. हँगरचे पापुद्रे सुटत होतेच. यंदा मासेमारी बंदीच्या तोंडावर मेन पाटा, म्हणजे थरातला मुख्य पाटा, पिनेच्या वळशापाशी तुटला, गाडी डाव्या कुशीवर बसली आणि टायर मडगार्डला घासायला लागला.

शहरातला एक गॅरेजवाला म्हणाला, वेल्डिंग मारून देतो, दोन तासांत गाडी न्या. मी हळूहळू हातखंबा तिठा गाठला. तिठ्यावरून पालीकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याची शेड आहे. पाटी नाही, दाराशी जुन्या पाट्यांची रास, तीच खूण. वेल्डिंगचं नाव काढताच मेस्त्री म्हणाले, "मारून देतो की! पण मग घाटात माझी आठवण काढू नका, शेठ." पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते उतरतं आणि सांध्याला लागूनच नवी चीर जाते.

मला त्यांचं आवडलं ते पुढचं. तुटलेला पाटा बाजूला ठेवून ते आधी शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी, हलवायला गेले. ती गंजून गच्च धरलेली. भार आला की पाटा सरळ होतो, लांबतो, म्हणून शॅकल झोपाळ्यासारखी मागेपुढे झाली पाहिजे. ती अडकली की सगळा ताण मेन पाट्यावर येतो. नुसता पाटा बदलला असता तर नवाही याच वाटेने गेला असता.

नुसत्या जॅकवर विसंबून ते गाडीखाली शिरत नाहीत, चासीला लाकडी ठोकळे लावले. पिन गॅसने तापवली, घणाने ठोकली, तरी हलेना, शेवटी कापली. हँगरच्या रिव्हेटांची डोकी ग्राइंडरने उडवून नवा हँगर हाय टेन्साईल बोल्टांवर बसवला, डोक्यावर 10.9 ही ताकदीची खूण कोरलेले. पाट्यांचा थर एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात बसलं का, ते बोट घालून पाहिलं. ते नीट बसलं नाही तर अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवेच घ्यायला लावले, जुने ताणले गेलेले असतात. नट एकदम एकच न आवळता आलटून पालटून आवळले.

उजव्या पाट्याची बसलेली कमान ठोकून चढवली, त्याचे वेगळे पैसे घेतले. हे मला पटलं नाही. ठोकून चढवलेली कमान भरल्या गाडीखाली फार दिवस तग धरत नाही. त्यापेक्षा उजवाही नवा घ्या, असं स्पष्ट सांगायला हवं होतं. मेन पाटा, हँगर, शॅकल, पिना, बुश, यू बोल्ट आणि मजुरी मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. हिशेब साध्या चिठ्ठीवर. पक्कं बिल हवं असेल तर सुटे भाग स्वतः आणून द्या, त्याला त्यांची ना नाही.

संध्याकाळी देतो म्हणाले, त्यात दुसऱ्या दिवशीची दुपार धरून चला. शेड अपुरी आहे, पावसात गाडीचं तोंड बाहेरच राहतं. चहा मात्र न मागता येतो.

जाताना त्यांनी हौद्याच्या भोकाला पाईप जोडून पाणी चासीपासून लांब, कॅनमध्ये सोडायला लावलं. याचे पैसे घेतले नाहीत. मच्छीच्या गाड्यांचं पाणी रस्त्यावर सांडून दुचाकीवाले घसरतात, तो त्रासही त्याने टळेल. बंदरावरच्या प्रत्येक गाडीला हा पाईप हवा, पण कोण ऐकतो?

भरल्या गाडीची पहिली फेरी झाली की यू बोल्ट पुन्हा आवळायला या, असं ते बजावतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. हे टाळू नका. जमलं तर जून-जुलैच्या बंदीतच जा, तेव्हा मच्छीवाल्यांची गाडी उभीच असते. हंगाम सुरू झाला की सकाळी आठच्या आत रांगेत लागा. फोन ते उचलत नाहीत.